न बोललेल्या फोनचं बिल

पडदेवाल्या बाई कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचतात. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, बँकेचं पत्रक, मशीनच्या तेलाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, सगळं. कापडाला कात्री लावण्याआधी त्या ते खिडकीपाशी उजेडात धरून आख्खं बघून घेतात, कुठे धागा तुटलाय का, डाग पडलाय का. कागदाचंही तसंच. त्यामुळे घरच्या फोनचं आणि ब्रॉडबँडचं बिल नेहमीच्या दुपटीहून जास्त आलं, तेव्हा त्यांनी ते कापड कापायच्या टेबलावर पसरलं, चष्मा पुसला आणि वरपासून खाली वाचत गेल्या.

ब्रॉडबँडचे पैसे नेहमीचेच होते. फोनचं भाडंही तेच. त्याच्याखाली मात्र ‘बाहेरगावचे जोडले गेलेले कॉल’ अशी एक नवी ओळ उगवली होती आणि तिच्यापुढचा आकडा बाकीच्या सगळ्या आकड्यांना खाली बसवणारा होता. तपशिलाचं पान उलटलं तर एकच नंबर वरपासून खालपर्यंत मुंग्यांच्या रांगेसारखा लागलेला. रोज दुपारी. रोज एकदाच. वेळ मिनिटाच्या आत.

नंबर त्यांच्या थोरल्या बहिणीचा होता.

"पण ताईशी मी बोललेच नाही," बाई मोठ्याने म्हणाल्या. खोलीत ऐकायला पडद्यांच्या थप्प्यांखेरीज कोणी नव्हतं.

आता हे न बोलणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. दोघी बहिणींची लग्नं पाठोपाठ झाली आणि दोघी दोन गावांना गेल्या. दोन्ही घरांत फोन होता, पण तो सासऱ्यांचा. बिल आलं की धाकटीचे सासरे सगळ्यांना बसवून एकेक बाहेरगावचा फोन वाचून दाखवत आणि विचारत, हा कोणी केला, कोणाला केला, एवढं काय अडलं होतं. सुनेने बहिणीशी बोलणं हे अडण्यात मोडत नसे. तेव्हा थोरलीने शोध लावला, की जो फोन कोणी उचललाच नाही, तो बिलात येत नाही. मग दोघींनी ठरवलं. दोन घंट्या वाजवून बंद केला, तर ‘मी ठीक आहे’. तिकडून परत दोन घंट्या आल्या, तर ‘मीही’. वाजतच राहिला तर उचल, काहीतरी घडलंय. आणि एकच घंटी वाजून थांबला, तर समजायचं, बाईसाहेब रुसल्यात.

या घंट्यांवर दोघींचे संसार उभे राहिले. बाळंतपणं, आजारपणं, घरातली मरणं वाजत राहणाऱ्या फोनने कळली. बाकी सगळे दिवस दोन घंट्यांचे. पुढे सासरे गेले, दोघींचे नवरेही गेले, फोन स्वस्त झाले, कोणी विचारणारं उरलं नाही. पण दुपारच्या दोन घंट्या राहिल्याच. खरंखुरं बोलणं सांगण्यासारखं काही असेल तेव्हाच. थोरली एकटी राहते, मोबाइलला हात लावत नाही. धाकटीला मुलाने घेऊन दिलाय, तो दुकानदाराने पाठवलेले कापडाचे फोटो बघण्यापुरता. घंट्यांना त्या दोघी फोन करणं म्हणतही नाहीत. गॅसचं बटण बंद आहे ना, हे जाताजाता बघून घ्यावं, तसं ते.

बाईंची घंटी द्यायची पद्धतही ठरलेली. जेवण झालं की त्या मशीनवर बसतात. फोन डाव्या हाताला, टेबलाच्या कडेला. तोंडात टाचण्या, मांडीवर पडद्याचं अस्तर. नंबर फिरवायचा, रिसीव्हर शेजारच्या कापडाच्या थप्पीवर पालथा टाकायचा, कडेची दुमड मारायला घ्यायची, मनात दोन घंट्या मोजायच्या आणि बोटाने फोन बंद करायचा. रिसीव्हर कानाला लावायचा प्रश्नच नाही. ऐकायला असतं काय?

एवढं मात्र खरं, की गेले काही आठवडे तिकडून परत दोन येत नव्हत्या. एकच येत होती. म्हणजे थोरली रुसली होती. बाईंनी डोकं खाजवलं. मागे त्यांनी तिला पडदे शिवून पाठवले होते, त्यावर ती म्हणाली होती, रंग दवाखान्यासारखा आहे. आणि या म्हणाल्या होत्या, मग काढून फरशी पुसायला घे. तेच लागलं असणार. पण सुरुवात कोणी केली? रंगाला नावं कोणी ठेवली? आपण होऊन फोन करून विचारायचा त्यांचा पिंड नव्हता. रुसवा रुसव्याच्या जागी, घंट्या घंट्यांच्या जागी, म्हणून त्या आपल्या रोज दोन देत राहिल्या.

आणि आता हे बिल म्हणत होतं, की तुम्ही रोज तुमच्या बहिणीशी बोलता.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी बिल मुलासमोर ठेवलं. मुलगा घरूनच काम करतो, दिवसभर कानांवर हेडफोन चढवून लांबच्या माणसांशी गोड बोलतो, त्यामुळे जेवताना त्याचा आवाज थकलेला असतो. त्याने बिलावर नजर टाकली, नंबर ओळखला आणि म्हणाला, "मावशीचा आहे. आई, तू बोलली असशील. आठवत नसेल."

सुनेचा हात वाढता वाढता थांबला.

बाईंना आयुष्यात बरंच काही ऐकवलं गेलं होतं. सासऱ्यांनी उधळी म्हटलं होतं, एका गिऱ्हाइकाने चोर म्हटलं होतं आणि उरलेलं कापड स्वतःच्याच कपाटात सापडल्यावर माफीही मागितली नव्हती. ते सगळं त्यांनी पचवलं. पण या वाक्याने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते रागाने म्हटलेलं नव्हतं. कप फोडलेल्या लहान मुलाला म्हणावं, तसं मऊ म्हटलं होतं. आणि त्याच मऊ आवाजात मुलगा पुढे बोलत राहिला. हे वय असं असतं. त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या आईचंही असंच सुरू झालं, आधी छोट्या गोष्टी. हे बिल तो भरून टाकेल, पण आता फोनचं कनेक्शन त्याच्या नावावर करून घेऊ. बँकेचं कार्डही त्याच्याकडे असलेलं बरं. पडद्यांची कामं घेणंही हळूहळू कमी कर, किती ताण घेशील.

हे कनेक्शन बाईंनी स्वतः रांगेत उभं राहून घेतलं होतं. याच फोनवर पडद्यांची कामं येत गेली, त्या कामांवर मुलाच्या फिया भरल्या गेल्या. बिलावर त्यांचं नाव छापून येतं, ते त्या दर वेळी वाचतात, कारण कागद शेवटपर्यंत वाचायचा तर सुरुवातीपासून वाचावा लागतो. आता एका बिलाच्या जोरावर तो त्यांच्या हातून घर काढून घेऊ बघत होता, आणि वर माया म्हणून.

"मी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "मी घंट्या देते."

"तेच गं," मुलगा म्हणाला. "तुला वाटतं घंट्या देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो टेबलाशी रेंगाळला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, आज वार कोणता गं?"

"तू बिल न वाचता भरायला निघालास, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा," बाई म्हणाल्या आणि मशीन इतक्या जोरात सुरू केली, की त्याला पुढचं काही विचारता आलं नाही.

त्यांनी कंपनीला फोन लावला. आधी एका ध्वनिमुद्रित बाईने त्यांना हे दाबा, ते दाबा करत घरभर फिरवल्यासारखं फिरवलं. तक्रारीसाठी दाबायचं बटण सगळ्यात शेवटी होतं, आणि ते दाबल्यावर गाणं लागलं. गाणं संपून पुन्हा सुरू झालं, तेवढ्यात एका पडद्याच्या चुण्या घालून झाल्या. मग एक जिवंत मुलगी आली. ती म्हणाली, मी आपली अडचण समजू शकते. बाई म्हणाल्या, अजून सांगितलीच नाहीये. मुलीने ऐकून घेतलं आणि सांगितलं, की यंत्रणेनुसार हे सगळे फोन समोरून उचलले गेलेले आहेत. उचलले गेल्याशिवाय पैसे लागतच नाहीत. कदाचित आपल्या घरातल्या दुसऱ्या कोणी केले असतील? घरात सूनबाई वगैरे आहेत का?

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझी सून दवाखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर उभी असते, भर दुपारी ती काय माझ्या बहिणीकडे माझ्या कागाळ्या करायला घरी येते? आणि करायच्याच असतील तर मिनिटाच्या आत संपतील? मुलगी म्हणाली, मी आपली तक्रार नोंदवून घेते. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला, की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. बिल मुदतीत भरावं, अन्यथा सेवा खंडित होईल. कोणाचं समाधान झालं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

"मी ऑफिसात जाते," बाईंनी जाहीर केलं. मुलाने अर्धा दिवस रजा काढली. तू एकटी गोंधळशील, असं तो म्हणाला नाही, पण बूट घालताना त्याच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं.

कंपनीचं ऑफिस चकचकीत होतं. भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबांची चित्रं, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कोणीही हसत नव्हतं. खिडक्यांना पडदे नव्हतेच, उभ्या पट्ट्या होत्या, त्यातल्या दोन तुटून लोंबत होत्या. बाईंनी ते पहिल्या पावलाला पाहिलं. नंबर पुकारला गेला आणि त्या काउंटरपाशी गेल्या. काउंटरवरच्या तरुणाने बिल घेतलं, संगणकाच्या पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि बाईंना वगळून त्यांच्या मुलाकडे बघत म्हणाला, "आजींचं कनेक्शन आहे का?"

"कनेक्शन माझं आहे आणि मी इथे उभी आहे," बाई म्हणाल्या. "आणि तुझी आजी तुझ्या घरी असेल."

तरुण वरमला. मग त्याने तेच सांगितलं, जे फोनवरच्या मुलीने सांगितलं होतं, फक्त जास्त सावकाश आणि जास्त मोठ्या आवाजात. समोरून फोन उचलला जातोय. बाईंनी सांगितलं, की उचलला जात नाही, उचलायचा नाही हेच तर ठरलंय. तरुणाने मुलाकडे पाहिलं. मुलाने खांदे किंचित उडवले. ते खांदे बाईंनी पाहिले. मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनीही पाहिले.

"लाव," बाई म्हणाल्या.

"काय?"

"फोन लाव. तुमच्या इथून लाव. सगळ्यांना ऐकू जाईल असा लाव."

तरुणाने लावला, कारण त्यालाही हे प्रकरण मिटवायचं होतं. त्याची खात्रीच होती, की पलीकडून कोणी म्हातारी ‘हॅलो’ म्हणेल आणि या आजी, म्हणजे या बाई, ओशाळून निघून जातील. स्पीकरवर एक घंटी वाजली. दुसरी वाजलीच नाही. खट्ट असा आवाज झाला आणि एक गोड, तरुण, कुठल्याही घरात न शोभणारा आवाज बोलू लागला. आपण फोन केलेली व्यक्ती सध्या उपलब्ध नाही, कृपया आवाजानंतर आपला निरोप ठेवा.

बाईंनी काउंटरची कड धरली. सगळा प्रकार त्यांच्या डोळ्यांसमोर असा उलगडला, जसा धागा एका टोकाने ओढल्यावर शिवण उसवत जाते. इकडून त्या दोन देत होत्या. तिकडे एकच वाजत होती, मग ही बया उचलत होती. थोरलीला वाटत होतं, धाकटी रुसली. म्हणून थोरली रुसून एक देत होती. म्हणून धाकटीला वाटत होतं, थोरली रुसली. एवढे आठवडे दोघी म्हाताऱ्या एकमेकींवर कशासाठीही न रुसता रुसून बसल्या होत्या, आणि त्याचे पैसे कंपनी घेत होती.

स्पीकरमधून ‘टूं’ असा आवाज आला. बाई पुढे झुकल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "मी रुसलेली नाही गं. मी दोनच देत होते. तुला एक ऐकू येत होती. पडद्यांचं मी कधीच मनातून काढून टाकलंय. रंग बदलून देते." मग काही सुचेना, तेव्हा म्हणाल्या, "जेवलीस का?"

तरुणाने फोन बंद केला. "म्हणजे बघा, उचलला गेला ना," तो म्हणाला, आणि खरंच त्याला वाटत होतं, की आपलं म्हणणं सिद्ध झालं.

"हा फोनही माझ्या बिलात लाव," बाई म्हणाल्या. "बोलले मी यावर. बाकीच्यांवर बोलले नव्हते."

मागून कोणीतरी हसलं. तरुणाने पडद्यावर थोरलीच्या नंबरची माहिती काढली. निरोपांच्या पेटीची सेवा होती ती. ज्येष्ठ ग्राहकांना कंपनीकडून भेट. आपोआप सुरू झालेली, विनामूल्य. ग्राहकाने मागितली होती का, असं बाईंनी विचारलं. भेट होती, तरुण म्हणाला, भेट मागायची नसते. मग बंद करा. ते त्यांना इथून करता येणार नव्हतं. ज्यांच्या नंबरवर सेवा आहे, त्यांनी त्यांच्या गावच्या ऑफिसात तक्रार करायला हवी. पण ताईला तर बिल जास्त आलेलं नाही, ती कशाची तक्रार करणार? बरोबर, तरुण म्हणाला, त्यांना बिल आलेलं नसल्यामुळे त्यांची तक्रार होऊ शकत नाही. आणि मला बिल आलंय, पण माझ्या नंबरवर पेटी नाही, म्हणून माझीही होऊ शकत नाही? तरुणाने थोडा विचार केला आणि मान हलवली. होय, असंच होतं.

"म्हणजे जिला भुर्दंड, तिचा दोष नाही, जिच्याकडे दोष, तिला भुर्दंड नाही, आणि तुम्ही मधे बसून पैसे घेणार," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. टाचण्या तोंडात धरून बोलायची सवय असलेल्या माणसाचा आवाज चढत नाही, तो बारीक होत जातो. "आणि एक सांग. माझी बहीण गुडघ्यांनी अधू आहे. फोन तिच्या ओसरीत आहे. पहिल्या घंटीला ती उठते, तोवर तुमची ही पोरगी उचलते. मग तिला फोन लागणार कसा? पडली, झडली, डॉक्टरांनी केला, मुलीने केला, कोणाचाच लागणार नाही. एकट्या बाईचा फोन तुम्ही भेट म्हणून बंद पाडलात."

हे ऐकून मुलगा पहिल्यांदा काउंटरजवळ आला. तोवर तो दोन पावलं मागे, आपण यांच्यातले नाही अशा बेताने उभा होता. मावशीने त्याला लहानपणी सुट्टीत सांभाळलं होतं. त्याने तरुणाला विचारलं, मॅनेजर कुठे आहेत.

मॅनेजरबाई काचेमागून आल्या. सूट घातलेल्या, दमलेल्या आणि बाईंच्या मते वाईट नसलेल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि पलीकडच्या गावच्या ऑफिसला स्वतः फोन लावला. टोलवाटोलवी बरीच झाली, पण अखेर पेटी बंद करायचं कबूल झालं, आणि कोणीतरी थोरलीकडे जाऊन सांगेल असंही. मग त्या बाईंकडे वळून गोड हसल्या आणि म्हणाल्या, की बिलाची काळजी करू नका, विशेष बाब म्हणून ते जास्तीचे पैसे आम्ही माफ करतो. त्यांनी तरुणाला खूण केली, त्याने भराभर काहीतरी दाबलं आणि एक छापील कागद बाईंच्या पुढे सरकवला. इथे सही करा.

"घे आणि चल, आई," मुलगा कानाशी पुटपुटला. "झालं ना काम."

बाईंनी चष्मा पुसला. मुलाने डोळे मिटले, कारण त्याला कळलं, की आता कागद शेवटपर्यंत वाचला जाणार.

शेवटी ‘माफीचं कारण’ अशी जागा होती. तिथे छापलं होतं: ग्राहकास विस्मरण.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे काय आहे?"

तरुणाने सांगितलं, की ते नुसतं औपचारिक असतं. यंत्रात ठरावीक कारणं आहेत, त्यातलं एक निवडावं लागतं. ग्राहकास विस्मरण, घरातल्या अन्य व्यक्तीकडून वापर, सद्भावना. ज्येष्ठांसाठी साधारण पहिलं घालतात, त्याला मंजुरी लवकर मिळते.

"कंपनीची चूक, असं कारण नाही?"

तरुणाने यादी पुन्हा पाहिली. प्रामाणिकपणे पाहिली. नव्हतं.

"मग मला माफी नको," बाई म्हणाल्या. "मी चूक केलेली नाही, तर माफ काय करता? माझ्या नावापुढे हे लिहून तुम्ही ते कपाटात ठेवाल, उद्या दुसरा कोणी ते उघडेल आणि म्हणेल, या बाईंना आठवत नाही. मला घरातच एकाने तसं म्हटलंय. त्याला मी तुमच्या शिक्क्याचा पुरावा देणार नाही."

मुलाने भिंतीवरच्या हसऱ्या कुटुंबाकडे बघायला सुरुवात केली.

मॅनेजरबाई म्हणाल्या, सद्भावना घालू. बाई म्हणाल्या, तुमची सद्भावनाच तर नडली, तीच भेट देऊन बसली. रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, बाईंचं बरोबर आहे, माझंही असंच एक आहे. त्याला तरुणाने आपल्या नंबराची वाट बघायला सांगितलं. मॅनेजरबाईंनी तरुणाला बाजूला केलं आणि स्वतः बसल्या. यादीच्या तळाला ‘इतर’ होतं, पण ते निवडलं की पुढे कारण लिहावं लागतं, आणि लिहिलेलं वरच्या साहेबांकडे जातं, म्हणून ते कोणी निवडत नसे. त्यांनी निवडलं. काय लिहू, असं विचारलं. बाईंनी सांगितलं: फोनवर कोणी बोललं नाही, कंपनीने न मागितलेली पेटी बसवली, ती बोलली. मॅनेजरबाई म्हणाल्या, तांत्रिक कारण असं लिहिते. बाई म्हणाल्या, तंत्र आपण होऊन माझ्या बहिणीच्या घरी गेलं नाही. शेवटी ‘न मागता सुरू केलेल्या सेवेमुळे चुकीची आकारणी’ इथे दोघी थांबल्या. बाईंनी ते वाचलं, परत वाचलं आणि सही केली. सही नेहमीप्रमाणे वळणदार, शेवटी खाली एक ठसठशीत रेघ.

दोघं घरी आले. संध्याकाळी बाई एका रुंद खिडकीच्या पडद्याला रिंगा लावत होत्या, तेव्हा फोन वाजला, आणि वाजतच राहिला. त्यांच्या हातातून रिंग निसटली. पण थोरलीच होती, आणि भांडायलाच फोन केला होता तिने. कंपनीचा माणूस येऊन पेटी उघडून ऐकवून गेला होता. पेटी निरोपांनी भरली होती आणि शेवटचा सोडला तर प्रत्येक निरोपात एकच आवाज होता, शिलाई मशीनचा. एवढे आठवडे तू मला दुमड मारून दाखवत होतीस का, असं तिने विचारलं. पडद्यांच्या रंगाचं ती माफ करायला तयार होती, पण आधी कोण रुसलं हे ठरायला हवं होतं. धाकटीच्या म्हणण्याने थोरली, थोरलीच्या म्हणण्याने धाकटी. कंपनीने काहीही सांगितलं, तरी पहिली एक घंटी कोणाकडे गेली हे बघायचं, असं थोरलीचं म्हणणं पडलं. ते बराच वेळ चाललं. या फोनचे पैसे लागणार होते आणि दोघींपैकी एकीनेही त्याचा उल्लेख केला नाही.

जेवताना मुलाने सगळी हकीकत बायकोला सांगितली. रंगवून सांगितली. तो काउंटरवरचा पोरगा कसा, कारणांची यादी कशी, अख्खी रांग कशी ऐकत राहिली. कंपन्या किती निर्लज्ज झाल्यात, माणसाला त्याच्याच तोंडावर खोटं पाडतात, दुसरं कोणी असतं तर गप्प पैसे भरून मोकळं झालं असतं. बोलता बोलता त्याचा आवाज जुन्या, शाळकरी अभिमानाने भरून आला. बाई खाली बघून जेवत राहिल्या.

सुनेने सगळं ऐकून घेतलं. "आणि तू काय म्हणाला होतास?" तिने विचारलं.

"मी? कधी?"

"याच टेबलाशी. बिल आलं तेव्हा."

मुलाने पाण्याचा ग्लास उचलला, प्यायला, ठेवला. "म्हटलं होतं काहीतरी."

"आईंना आठवत नसेल, म्हणाला होतास. मी वाढत होते."

"बरं, म्हटलं होतं. चुकलं," मुलगा ताटाकडे बघत म्हणाला.

"ताटाला ऐकू गेलं," बाई म्हणाल्या. "मला नाही."

मुलाने मान वर केली. सासू आणि सून, दोघी त्याच्याकडे बघत होत्या. सुटायला जागा नव्हती, आणि कदाचित त्याला सुटायचंही नव्हतं.

"चुकलं माझं, आई. तू विसरली नव्हतीस."

"हं." बाईंनी पुढचा घास घेतला, सावकाश चावला. "आणि ते बँकेच्या कार्डाचं?"

"कार्डाचं काय?"

"तेच विचारतेय मी."

"काही नाही," मुलगा म्हणाला. "तुझं तुझ्याकडे."

"आणि कामं कमी करायचं?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मदत केली नाही.

"ते तू ठरव," तो म्हणाला.

"ठरवलंय," बाई म्हणाल्या. "सकाळी मला शिडी धरायला लाग. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे पडदे लावायचेत, आणि त्यांच्या खिडक्या उंच आहेत."